ऑर्किड बीपासून करायचं तर माध्यमाआधी शेंग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, शेजारी वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस. जरबेरा परवडेनासा झालाय, म्हणून ऑर्किडकडे वळायचा विचार आहे. रोपं विकत घ्यायला महाग पडतात, तेव्हा ती बीपासून घरीच करावीत असं ठरलं. दोन शेंगा हाती आल्या. एक पॉलिहाऊसमधल्या डेंड्रोबियमची, दुसरी पाटणकडच्या जंगलातून मित्रानं आणलेली. एमएस माध्यमाची, म्हणजे बी रुजवायच्या पोषक जेलीची, तयार पावडर मागवली, कुकरमध्ये बाटल्या उकडल्या, बी टाकलं. निम्म्या बाटल्यांत बुरशी आली. उरलेल्यांत बी हिरवं झालं आणि महिनाभरात तपकिरी पडलं. तर योग्य माध्यम कोणतं, घरचा कुकर चालेल का, आणि हे सगळं धंदा म्हणून जमेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. बाजारात दांडीवर विकली जाणारी डेंड्रोबियमची फुलं, म्हणजे सोनिया वगैरे, ही सगळी संकरित झाडं आहेत. त्यांची रोपं शेंड्याच्या ऊतीपासून लॅबमध्ये वाढवलेली असतात, म्हणून हजार झाडांवर एकाच रंगाची, एकाच लांबीची दांडी मिळते. त्याच झाडाचं बी पेरलंत तर शंभर रोपांची शंभर तऱ्हा होणार. कुणाची दांडी आखूड, कुणाचा रंग फिका, कुणाला फूलच उशिरा. पुणे-मुंबईच्या फूलबाजारात असल्या मिश्र मालाला भाव नाही. शिवाय अनेक व्यापारी जातींमध्ये गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन किंवा चार असतात. तीन संच असलेल्या झाडाला शेंग धरते, फुगते, पण आत बरंचसं बी पोकळ निघतं. तेव्हा दांडीच्या फुलांचाच हिशोब असेल तर नामांकित लॅबची ऊतीसंवर्धित रोपंच घ्या, बीच्या वाटेला जाऊ नका. बी कामाचं आहे ते तीन जणांना: मूळ जातींची रोपं करणाऱ्याला, स्वतःचा संकर काढू पाहणाऱ्याला, आणि कुंडीतली झाडं छंदी लोकांना विकणाऱ्याला. या तिसऱ्या वाटेनं तुमच्या पॉलिहाऊसचा एक कोपरा नक्की चालेल. पूर्ण वीस गुंठे बीच्या भरवशावर टाकू नका.

आता जंगलातली शेंग. वर्णनावरून ती ऱ्हिंकोस्टायलिसची वाटते, जिला आपल्याकडे कुणी सीतेची वेणी म्हणतं. मित्राला सांगा, पुन्हा आणू नकोस. कास, कोयना, चांदोली हा सगळा पट्टा २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो, आणि कासचं पठार राखीव वनात येतं. तिथून शेंग काय, पान तोडणंही गुन्हा आहे. ऑर्किडचं सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात आहे. देशी जातींचा धंदा करायचा असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, त्याची चौकशी नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे आधी करून घ्या. आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात बघा: मातृवृक्ष नर्सरीतून पावतीवर घेतला, स्वतःच्या हातानं परागीकरण केलं, तर शेंगेचं वय दिवसासकट माहीत असतं. जंगलातल्या शेंगेचं वय कुणालाच ठाऊक नसतं, आणि या कामात वय हीच अर्धी माहिती.

असं का, ते समजून घेतलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. ऑर्किडचं बी म्हणजे काही पेशींचा गर्भ आणि भोवती कोरडी, जाळीदार, पारदर्शक पिशवी. एका शेंगेत हजारांपासून लाखांपर्यंत बिया असतात. ज्वारी-हरभऱ्यात रुजण्यापुरता पिठूळ साठा असतो, तो इथे नाही. शिदोरी न घेता निघालेला प्रवासी म्हणा. निसर्गात त्याला वाटेत जेवायला घालते ती झाडाच्या सालीतली किंवा मातीतली एक विशिष्ट बुरशी. १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाला ऑर्किडच्या कोवळ्या रोपांत ही बुरशी दिसली आणि कोडं उलगडलं. त्याआधी युरोपातले माळी आईच्या कुंडीत बी भुरभुरून नशिबावर सोडायचे. मग १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नुडसननं दाखवून दिलं की बुरशी नसली तरी चालतं. काचेच्या नळीत क्षार, साखर आणि अगर दिलं की बी रुजतं. बुरशी जे करत होती त्यातलं मुख्य काम साखर पुरवण्याचं होतं. आज आपण जे करतो ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागते. साखर घातलेली ओली बाटली ही हवेतल्या प्रत्येक बुरशीला आणि जिवाणूला मेजवानी असते, आणि ते ऑर्किडपेक्षा शेकडो पटींनी वेगानं वाढतात.

माध्यमाचं सांगते. लोक माध्यमाच्या नावांवर रात्र-रात्र वाद घालतात, पण डेंड्रोबियम, कॅटलिया, फॅलेनॉप्सिस यांचं बी त्या बाबतीत फारसं नखरेल नाही. एमएस, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं माध्यम, हे मुळात तंबाखूच्या ऊतीसाठी बनवलेलं. त्यात लिटरला अमोनियम नायट्रेट १६५० आणि पोटॅशियम नायट्रेट १९०० मिलिग्रॅम आहे. केळीला ते मानवतं. झाडाच्या सालीवर पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या रोपाला ते खारट पडतं. पूर्ण ताकदीच्या एमएसवर गर्दीनं पेरलेलं बी आधी हिरवं होऊन मग तपकिरी पडणं, हे मी अनेकांच्या बाटल्यांत पाहिलंय. पाकीट आणलंच आहे तर फेकू नका. अर्ध्या ताकदीनं वापरा. एका लिटरचं पाकीट असेल तर ते दोन लिटरला, साखर मात्र दर लिटरला २० ग्रॅम स्वतंत्र मोजून. पाकिटात साखर आणि अगर आधीच मिसळलेले असतात का, ते लेबलवर बघून घ्या.

पण तुम्ही द्राक्षवाले आहात, तर तुमच्यासाठी नुडसनचंच माध्यम जास्त सोयीचं. त्याची १९४६ ची सुधारित कृती, जिला नुडसन सी म्हणतात, वाचली की तुम्हाला तुमचं खताचं गोडाऊनच आठवेल. एका लिटरला कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ५०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २५० मिलिग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट २५० मिलिग्रॅम (म्हणजे तुमचं ०:५२:३४), फेरस सल्फेट २५ मिलिग्रॅम, मँगनीज सल्फेट साडेसात मिलिग्रॅम, साखर २० ग्रॅम. झालं. ड्रिपमधून सोडायचे तेच क्षार, फक्त शंभरपट नेमकेपणानं.

गोडाऊनमधली पोती थेट उघडायची का? डेंड्रोबियमसाठी करून बघायला हरकत नाही, रुजतं. पण खताचं कॅल्शियम नायट्रेट हे प्रयोगशाळेतल्यासारखं नसतं. त्यात थोडं अमोनियम नायट्रेट जुळलेलं असतं, नत्र साडेपंधरा टक्के भरतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून ओलं होत राहतं, त्यामुळे वजन दरवेळी वेगळं येतं. लॅब ग्रेडचा अर्धा किलोचा डबा घेतला तर लिटरला एक ग्रॅमप्रमाणे पाचशे लिटर माध्यम होतं. तेवढं तुम्हाला काही वर्षं पुरेल. म्हणून इथे काटकसर नको, मिरज-सांगलीत शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणारे असतात, त्यांच्याकडून मागवा. लोह मात्र तुमच्याकडचंच घ्या. फेरस सल्फेट फॉस्फेटशी जुळून गाळ बनून खाली बसतं, आणि बाटलीत रोप पिवळं पडतं. त्याऐवजी बारा टक्क्यांचं ईडीटीए चिलेटेड लोह लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास घातलं की तेवढंच लोह मिळतं आणि विरघळलेलं राहतं.

द्रावणं साठवताना ए टाकी-बी टाकीचा नियम जो ड्रिपला, तोच इथे. कॅल्शियम एका बाटलीत, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या बाटलीत. दाट द्रावणं एकत्र केली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. आधी भांड्यात तीन-चतुर्थांश पाणी घ्या, मग एकेक द्रावण ढवळत घाला. साडेसात मिलिग्रॅम मोजायला घरचा काटा चालणार नाही. ७५० मिलिग्रॅम मँगनीज सल्फेट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं दर लिटरला एक मिलिलिटर सिरिंजनं घ्या. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं. बोअरचं अजिबात नको.

नुडसन सीमध्ये बोरॉन, जस्त, तांबं नाही. बी रुजण्यापुरतं ते नसलं तरी भागतं, कारण अगर आणि साखरेत अंशमात्र मिळतं. रोपं बाटलीत वर्षभर राहणार असतील तर पुढच्या बाटल्यांत त्याची भर घालावी लागते, आणि त्यासाठी सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे केळं आणि शहाळं. शहाळ्याचं पाणी लिटरला १०० ते १५० मिलिलिटर, उकळून फडक्यातून गाळून. पिकलेल्या केळ्याचा गर लिटरला ५० ते १०० ग्रॅम, मिक्सरमधून. पण केळं पेरणीच्या बाटलीत घालू नका. कित्येक जातींचं बी केळ्याच्या माध्यमावर रुजायला कुरकुरतं, आणि माध्यम गढूळ झाल्यानं आत काय चाललंय तेही दिसत नाही. केळं दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीत, मुळं फुटायच्या वेळी. तेव्हा सोबत दीड-दोन ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घातला की रोपं स्वतःच सोडतात ती तपकिरी फिनॉलिक द्रव्यं शोषली जातात.

संप्रेरकांबद्दल विचारलेलं नाही, पण विचाराल म्हणून सांगते: बीला लागत नाहीत. बीएपी हे संप्रेरक घालून गोळ्यांचा पुंजका वाढवत बसण्यात मजा असेल, पण रोप व्हायला उशीर लागतो.

सामू ५.२ ते ५.५ ठेवा, उकडायच्या आधी. ड्रिपच्या टाकीला वापरता तो पेन चालेल, फक्त प्रमाण द्रावणात तपासून घ्या. सामू ५ च्या खाली गेला की उकडताना अगर तुटतं आणि माध्यम घट्ट न होता खिमट राहतं. लॅबचं अगर ७ ते ८ ग्रॅम पुरतं. किराणा दुकानातला चायना ग्रास म्हणजे अगरच. तो चालतो, पण लिटरला १० ते १२ ग्रॅम लागतो आणि आधी दोन-तीन पाण्यांनी धुवावा लागतो.

कुकर चालतो. बहुतेक लॅब सुरू होतात त्या कुकरवरच. निर्जंतुकीकरणाला १२१ अंश लागतात, आणि घरच्या कुकरच्या शिटीचा दाब साधारण तेवढ्यालाच बेतलेला असतो. पण हे गणित समुद्रसपाटीचं आहे. तासगाव-कराडच्या उंचीवर एखादा अंश कमी भरतो. महाबळेश्वरला १३५० मीटरवर तोच कुकर दोन-अडीच अंशांनी मागे राहतो. म्हणून पुस्तकातल्या १५ मिनिटांऐवजी तुम्ही २५ धरा, महाबळेश्वर-पाचगणीचं कुणी वाचत असेल तर ३०. शिटी लगेच बसवू नका. आधी पाच मिनिटं वाफ जोरात जाऊ द्या, म्हणजे आतली हवा निघते. हवा अडकली तर शिट्या होतात, पण तापमान चढत नाही. तुमच्या बाटल्यांत जिवाणू राहिले असतील तर हे एक कारण असू शकतं. बाटल्या पाण्यात उभ्या न ठेवता जाळीवर ठेवा, झाकण अर्धा आटा सैल, आणि गॅस बंद केल्यावर दाब आपला आपण उतरू द्या. घाईनं शिटी उचललीत तर माध्यम उसळून झाकणापर्यंत जातं आणि मग झाकणाच्या कडेनं बुरशी आत चालत येते. भरलेल्या बाटल्या आठवडाभर तशाच ठेवा. ज्यात न पेरताच काही उगवलं ती बाटली उकडण्यातच चुकली असं समजा.

याच धर्तीवर बुरशी वाचायला शिका, त्यात पुष्कळ माहिती असते. चार-पाच दिवसांत बियांच्या भोवतीच कापूस दिसला तर शेंग किंवा बी नीट निर्जंतुक झालं नाही. बियांपासून लांब, एखाद-दुसरा गोल ठिपका असेल तर तो हवेतून पडला. साईसारखा चिकट थर पसरत असेल तर जिवाणू, आणि सगळ्या बाटल्यांत एकदम असेल तर माध्यमच कच्चं. तीन आठवड्यांनंतर अचानक झाकणाकडून आत येणारी बुरशी असेल तर भिंग घेऊन बघा. डोळ्यांना दिसणार नाहीत असे कोळी कडेनं शिरतात आणि पायाला लागलेले बीजाणू घेऊन फिरतात. मुंग्याही तेच करतात. बाटल्या ज्या रॅकवर आहेत त्याचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवणं हा जुनाट उपाय अजून कामाला येतो. आणि पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, पेरणी टाळा. घरात भिंतींना बुरा येतो तेव्हा हवेत काय तरंगत असेल याचा विचार करा.

आता शेंग, जिच्यासाठी मी मघापासून थांबले आहे.

ऑर्किडमध्ये एक विलक्षण गोष्ट असते. फूल उमलतं तेव्हा आत बीजांडं तयारच नसतात. पराग पडल्यावर, त्या इशाऱ्यानं, बीजांडं घडायला लागतात. प्रत्यक्ष फलन काही आठवड्यांनी होतं, काही जातींत दोन महिन्यांनीही. म्हणजे शेंग बाहेरून बोटाएवढी फुगलेली दिसते तेव्हा आत गर्भ असेलच असं नाही. फार लवकर तोडली तर आत फक्त पांढरे धागे. फार उशीर केला तर शेंग उकलते, बी उडतं, आणि हवेतली बुरशी त्याला चिकटते. मधली वेळ साधायची. शेंग पुरी भरलेली, अजून हिरवी, शिवणीवर जेमतेम पिवळसर झाक. याला हिरव्या शेंगेची पद्धत म्हणतात. तिचा मोठा फायदा हा की बंद शेंगेच्या आतलं बी मुळातच निर्जंतुक असतं. साफ करायची ती फक्त साल.

दिवसांचा अंदाज: डेंड्रोबियमच्या संकरांना परागीकरणानंतर तीन ते चार महिने, फॅलेनॉप्सिसला चार ते पाच, कॅटलियाला पाच-सहा, व्हँडाला सात-आठ किंवा जास्त. सांगलीच्या उन्हाळ्यात शेंग लवकर भरते, थंडीत रेंगाळते, म्हणून दिनदर्शिकेपेक्षा शेंगेकडे बघा. परागीकरण अवघड नाही. फूल उमलून तीन-चार दिवस झाले की दातकोरणीनं टोपी उचलायची, खालचे पिवळे परागपुंज टोकाला चिकटतात, ते दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या खोलगट चिकट जागेत दाबायचे. एक-दोन दिवसांत फूल मिटून लोंबलं की लागलं. एका झाडावर एक, फार तर दोन शेंगा. त्याच देठावर तारखेची चिठ्ठी बांधा, पेन्सिलीनं, कारण शाई पाण्यानं जाते.

शेंग तोडल्यावर फुलाची वाळकी शेपटी कापून टाका, साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं घासा, खाचा नीट. मग १० टक्के घरगुती ब्लीचमध्ये, म्हणजे एक भाग चार-पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट आणि नऊ भाग पाणी, एक थेंब भांड्याच्या साबणाचा, वीस मिनिटं. त्यानंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून पटकन फिरवायची, दोनदा. ती क्षणभर पेटते, विझू द्यायची. इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचं टेबल, नसताना लोक काचेची पेटी किंवा प्लॅस्टिकचा डबा उलटा करून हातमोज्यांची भोकं पाडतात. पद्धत चांगली आहे, पण त्या बंद पेटीत आधी अल्कोहोल फवारून मग स्पिरिटचा दिवा लावू नका. वाफ पेट घेते. पेटीत काम करायचं तर ज्योत बाहेर, आणि आतली हत्यारं कुकरमध्ये उकडलेली, फॉइलमध्ये गुंडाळलेली. पेटी ब्लीचनं पुसून पंधरा मिनिटं हवा स्थिर होऊ द्या. पंखा बंद. बोलणंही बंद.

निर्जंतुक पात्यानं शेंग उभी चिरा, आतली पिवळसर भुकटी चमच्याच्या टोकानं बाटलीत. किती? जेवढी घ्यावीशी वाटते त्याच्या दहाव्या हिश्शानं. बहुतेक जण इथे सांडतात. एका बाटलीत दहा हजार बी पडलं तर दोन महिन्यांत ते एकमेकांची साखर खातात, अमोनियम शोषताना सामू खाली ओढतात, फिनॉल सोडतात, आणि सगळा थर तपकिरी पडतो. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं निदान मला बहुधा हेच वाटतं: खारट माध्यम, गर्दी, आणि वर मे महिन्यातली तापलेली खोली.

शेंग उकललीच असेल तर बी फेकू नका, वेगळी वाट आहे. आधी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर बघा. पारदर्शक पिशवीत गोल-लांबट ठिपका दिसला तर गर्भ आहे, नुसत्या रिकाम्या पिशव्या असतील तर वेळ घालवू नका. चांगलं बी अर्ध्या टक्क्याच्या हायपोक्लोराइटमध्ये एक थेंब साबणासह पाच ते दहा मिनिटं हलवत ठेवा, मग उकडलेल्या पाण्यानं दोनदा धुवा. सुई नसलेल्या सिरिंजच्या तोंडाशी कापडाची बारीक चकती बसवली की बी आत राहतं आणि पाणी बाहेर जातं. साठवायचं असेल तर कागदी पुडीत, पुडी सिलिका जेलच्या बरणीत, बरणी फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात कपाटात ठेवलेलं बी पावसाळ्यापर्यंत मरतं.

कासच्या हबेनारियांबद्दल कुणीतरी विचारेल म्हणून एवढंच: जमिनीत कंद असणाऱ्या ऑर्किडचं बी वेगळ्या जातकुळीचं. त्याचं कवच कठीण, त्याला सुरुवातीला अंधार लागतो, नायट्रेटचा त्रास होतो, आणि जास्त वेळ ब्लीचमध्ये ठेवल्याशिवाय ते पाणीच पीत नाही. शिकाऊ माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. पठारावर फुलताना बघावं.

पेरल्यावर बाटल्या पंचवीस अंशांच्या आसपास, ट्यूबलाइटखाली फूटभर अंतरावर, दिवसाचे बारा ते चौदा तास. थेट ऊन नको, बाटलीत पंधरा मिनिटांत रोपं शिजतात. डेंड्रोबियम दोन ते सहा आठवड्यांत फुगून हिरवं होतं. मग तो हिरवा मणी, ज्याला प्रोटोकॉर्म म्हणतात, त्याला केस फुटतात, वर पानाचं टोक येतं. अडीच-तीन महिन्यांनी हे मणी नव्या बाटलीत पसरवून ठेवायचे, चाळीस-पन्नास एका बाटलीत. पुन्हा एकदा तीन-चार महिन्यांनी केळ्याच्या माध्यमावर, पंधरा-वीस एका बाटलीत. वर्षभरात पानं दीड-दोन इंच आणि तीन-चार जाड मुळं आली की बाहेर. तिथून फुलापर्यंत डेंड्रोबियमला दोन ते तीन वर्षं, कॅटलियाला चार ते सात. बँकेचा हप्ता या हिशोबात बसतो का, ते आताच बघा.

बाटलीबाहेर काढणं ही खरी कसोटी, आणि तासगावात ती पाण्यावर ठरते. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घेऊन तुमच्या बोअरचं पाणी मोजा. कृष्णाकाठच्या आणि पूर्वेकडच्या पट्ट्यात खारं पाणी नवीन नाही, द्राक्षाला ते खपतं. ऑर्किडच्या कोवळ्या मुळाला २०० पीपीएमच्या आतलं हवं. ४०० च्या वर गेलं की मुळांची टोकं काळी पडायला लागतात, आणि माणूस बुरशीनाशक फवारत बसतो. उपाय छपरावर आहे. पॉलिहाऊस किंवा शेडचं शंभर चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी पन्नास हजार लिटर पाणी होतं. गळती-सांडपाणी वजा करूनही काही हजार रोपांना ते वर्षभर पुरतं. आधी टाकी बांधा, मग लॅब.

वेळ जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याची. तुमच्याकडे पाऊस बेताचा, हवा दमट, उन्हाची धग उतरलेली. शिराळा-पाटण-महाबळेश्वरकडे उलट करावं, तिथे जुलैच्या झडीत रोपं सडतात, म्हणून सप्टेंबर उजाडू द्यावा. बाटलीत कोमट पाणी घालून रोपं अलगद ओढा, मुळांचं अगर बोटांनी पूर्ण धुवा, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी येते. कॅप्टन या बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवून सावलीत तासभर सुकवा. मग एका पसरट कुंडीत वीस-पंचवीस रोपं एकत्र लावा. एकेकटं लावलेलं रोप लवकर सुकतं. खाली कोळशाचे तुकडे, वर नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे किंवा थोडं स्फॅग्नम मॉस. पहिले दोन-तीन आठवडे वर पातळ प्लॅस्टिकचा तंबू आणि ७५ टक्के शेडनेट. तंबू रोज थोडा जास्त उघडायचा. महिन्यानंतर १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. द्राक्षाच्या सवयीनं हात सैल सुटतो, तो आवरा.

नारळाच्या सोडणाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, कोकणातून स्वस्तात ट्रॅक्टरभर मिळतंय तर घ्यावं का. घ्या, पण किनाऱ्याकडच्या सोडणात मीठ असतं. टाकीत बुडवून तीन-चार दिवसांनी पाणी बदला, आणि निथळलेल्या पाण्याचा टीडीएस भरलेल्या पाण्याएवढा येईपर्यंत बदलत राहा. चार-पाच वेळा तरी लागतं. हे काम एप्रिलमध्येच उरका, म्हणजे जूनपर्यंत सोडण हाताशी तयार असतं.